आधी काटा तपासा: सांगली-साताऱ्यातील मानसशास्त्राच्या संशोधन-मार्गदर्शकांना खुले पत्र

प्रति,
मानसशास्त्र विषयाचे संशोधन-मार्गदर्शक व परीक्षक,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

मी मानसशास्त्राचा माणूस नव्हे. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले, आता निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागेत राहतो, आणि लघुप्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली की आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण ‘सर, तेवढा टी काढून द्या’ (टी म्हणजे दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासण्याचा आकडा) म्हणत माझ्याकडे येतात. त्यांच्या पिशवीत उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे असतात. तीस खेळाडू आणि तीस बिगरखेळाडू, तीस शहरी आणि तीस ग्रामीण, तीस नोकरदार स्त्रिया आणि तीस गृहिणी. गठ्ठे बदलतात, तीस हा आकडा मात्र बदलत नाही. तो कोठून आला हे मी विचारतो तेव्हा ‘मागच्या वर्षीच्या प्रबंधात तसेच होते’ एवढेच उत्तर मिळते. मी टी काढून देतो. पण टी काढण्याआधी त्या गठ्ठ्यांना जे विचारायला हवे ते आपल्या आराखड्यात कोठेच विचारलेले नसते, आणि म्हणून हे पत्र थेट आपल्यालाच लिहीत आहे.

गेल्या वर्षी विट्याकडची एक मुलगी आली होती. विषय चिंतेचा होता, वसतिगृहात राहणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या मुलींची तुलना होती. तिच्या तिसऱ्या प्रकरणात नेहमीचे वाक्य होते: ‘सदर मापनीची विश्वसनीयता ०.८५ आहे.’ (विश्वसनीयता म्हणजे गुण किती स्थिर आणि सुसंगत येतात याचे माप; एक म्हणजे पूर्ण.) मी विचारले, हा आकडा तुझ्या साठ जणींचा का? ती म्हणाली, “नाही सर, पुस्तिकेतला आहे.” मग आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. ती सम क्रमांकाच्या आणि विषम क्रमांकाच्या विधानांची बेरीज वाचून दाखवू लागली आणि मी वहीत दोन रकाने मांडू लागलो. दोन भागांमधला सहसंबंध ०.४३ भरला. अर्ध्या चाचणीवरून पूर्ण चाचणीची विश्वसनीयता काढण्याचे स्पिअरमन-ब्राऊन यांचे सूत्र १९१० पासून आपल्या हाताशी आहे. दुप्पट सहसंबंध भागिले एक अधिक सहसंबंध. उत्तर आले ०.६०. मुलीचा चेहरा उतरला, जणू तिनेच काही चुकवले होते.

तिने चुकवले नव्हते. पत्रिका पुन्हा चाळताना चौदाव्या विधानाशी थांबलो: ‘लोकांत मिसळताना मला अस्वस्थ वाटत नाही असे क्वचितच घडते.’ मी स्वतः हे वाक्य तीनदा वाचले तेव्हा कोठे ‘होय’ म्हणजे चिंता की चिंतेचा अभाव हे मला ठरवता आले. एका मुलीने त्या विधानाच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘म्हणजे?’ असे लिहिले होते. साठ पत्रिकांतला तो एक शब्द मला संपूर्ण तिसऱ्या प्रकरणापेक्षा प्रामाणिक वाटला.

आपल्या भागात काट्याची गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. गळीत हंगाम आला की उसाची ट्रॉली भुईकाट्यावर चढते आणि काटामारीची चर्चा पारापारावर सुरू होते. पण काटा दोन वेगळ्या प्रकारांनी खोटा असू शकतो, आणि आपल्या विषयात हे दोन प्रकार सर्रास एकत्र केले जातात. काटा प्रत्येक ट्रॉलीमागे पाचशे किलो कमी दाखवत असेल तर ती लबाडी आहे. मात्र दोन शेतकऱ्यांच्या उसातला फरक त्या काट्यावरही जसाच्या तसा दिसेल. दुसरा काटा लबाड नसतो, तो थरथरतो: तीच ट्रॉली सकाळी पाचशे किलो जास्त, दुपारी पाचशे किलो कमी. या काट्यावर तीस ट्रॉल्यांची सरासरी बरीचशी खरी येते, पण एकेका वजनाचा पसारा वाढतो. अविश्वसनीय चाचणी म्हणजे हा दुसरा काटा. ती गटाचे मध्यमान, म्हणजे सरासरी, वाकडे करत नाही; प्रमाण विचलन, म्हणजे पसाऱ्याचे माप, फुगवते.

आणि गटांमधला फरक आपण मोजतो तो त्या पसाऱ्याच्याच मापाने. दोन मध्यमानांतील फरक भागिले प्रमाण विचलन, यालाच जेकब कोहेन यांच्या नावाने ‘डी’ म्हणतात आणि परिणामाचा आकार सांगण्याची ही सर्वांत रुळलेली रीत आहे. (जाता जाता सांगायला हवे की अनेक मापे एकत्र घेऊन दोन गटांतील अंतर असेच पसाऱ्याच्या मापाने सांगण्याची पद्धत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्यात १९३६ साली मांडली होती, आणि तिची सुरुवात माणसांच्या शरीरमापनाच्या आकड्यांतून झाली होती. आपल्या प्रबंधांत कोहेन कधीमधी दिसतात, महालनोबिस कधीच नाहीत.) छेदातला पसारा थरथरीने फुगला की भागाकार लहान होतो. किती लहान, हे चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली सहसंबंधासाठी दाखवलेल्या नियमावरूनच निघते: खऱ्या डीला विश्वसनीयतेच्या वर्गमुळाने गुणायचे. खरा फरक ०.५० असेल आणि विश्वसनीयता ०.६० असेल तर हाती लागतो सुमारे ०.३९.

हा काही दशांशांचा किरकोळ हिशेब नव्हे. डी ०.५० असेल आणि तो पाच टक्के सार्थकता पातळीवर (म्हणजे फरक नसताना ‘आहे’ म्हणण्याची जोखीम पाच टक्के ठेवून) शंभरांत ऐंशी वेळा पकडायचा असेल तर प्रत्येक गटात ६४ माणसे लागतात. विश्वसनीयता ०.६० झाली की तेवढ्याच खात्रीसाठी गटामागे १०६ लागतात. आपल्याकडे असतात तीस. निर्दोष काट्यावरही तीस-तीसमध्ये तो फरक पकडला जाण्याची शक्यता ४८ टक्के आहे, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा किंचित कमीच. थरथरत्या काट्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास येते. हे दुखणे केवळ आपले नाही. कोहेन यांनी १९६२ साली एका प्रतिष्ठित अमेरिकी मानसशास्त्रीय नियतकालिकातले निबंध तपासले तेव्हा मध्यम आकाराचा परिणाम पकडण्याची त्यांची सरासरी ताकद अशीच निम्म्याच्या आसपास निघाली होती. साठ वर्षे उलटून गेली तरी आपले तीस-तीस काही हललेले नाहीत.

आता जे सांगायचे आहे त्यासाठीच मुख्यतः हे पत्र आहे, कारण हा युक्तिवाद मी मौखिक परीक्षांनंतरच्या चहाच्या वेळी जाणत्या माणसांकडूनही ऐकला आहे. युक्तिवाद असा: ‘मापनी कच्ची होती हे मान्य, नमुना लहान होता हेही मान्य, आणि तरीसुद्धा फरक सार्थक आला, मग खरा फरक याहून मोठाच असणार!’ ऐकायला हे चोख वाटते. पण तीस-तीसच्या तुलनेत टी सार्थक ठरण्यासाठी हाती आलेला डी किमान ०.५२ असावाच लागतो. खरा फरक ०.५० आहे, काट्याने त्याचा ०.३९ केला आहे, आणि चाळणी मात्र ०.५२ च्या खालचे काहीच पुढे जाऊ देत नाही. मग चाळणीतून उतरलेला प्रत्येक निष्कर्ष अपरिहार्यपणे फुगलेला असतो. योगायोगाची थाप पाठीवर बसल्याखेरीज तो तेथे पोहोचूच शकत नाही. थरथर जितकी जास्त तितका त्या पोहोचण्यात योगायोगाचा वाटा मोठा. एरिक लोकेन आणि अँड्र्यू गेलमन यांनी २०१७ साली ‘सायन्स’मध्ये नेमका हाच भ्रम उलगडून दाखवला आहे. मापनातली चूक मोठ्या नमुन्यात परिणाम दबवते; लहान नमुना आणि सार्थकतेची चाळणी यांच्याशी तिची गाठ पडली की छापून येणारे परिणाम ती फुगवूही शकते.

फुगलेल्या आकड्यांचे पुढे काय होते तेही आता सर्वांना ठाऊक आहे. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास वेगवेगळ्या संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ सार्थक होते. पुनरावृत्तीत ३६ टक्केच सार्थक आले, आणि परिणामाचा सरासरी आकार सहसंबंधाच्या मापात ०.४० वरून ०.२० च्या आसपास, म्हणजे निम्म्यावर घसरला. या घसरणीचे सगळे खापर मापनावर फोडणे बरोबर होणार नाही, तिला इतरही कारणे आहेत. पण ज्या विषयात काटा तपासल्याची नोंदच ठेवली जात नाही, तेथे मापनाचा वाटा किती हे कोणी कोणाला सांगायचे?

एवढे वाचून आपण लगेच ‘०.७० च्या खाली विश्वसनीयता असेल तर प्रबंध परत’ असा फतवा काढू नये, अशी माझी विनंती आहे. कारण विश्वसनीयता हे गुणोत्तर आहे आणि गुणोत्तरे दोन्ही बाजूंनी हलतात. माणसामाणसांतला खरा फरक भागिले एकूण पसारा, असे ते गुणोत्तर; येथे पसारा मोजायचा तो प्रमाण विचलनाच्या वर्गाने. चूक वाढली तर ते घसरते. पण गटातली माणसे एकमेकांसारखी असली तरीही ते घसरते. पुस्तिकेत प्रमाण विचलन १० आणि विश्वसनीयता ०.८५ असेल तर शंभरापैकी पंधरा भाग चुकीचे आहेत. तीच मापनी एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या, एकसारख्या घरांतून आलेल्या मुलींना दिली आणि प्रमाण विचलन ७ आले, तर एकूण पसारा ४९ होतो. त्यात चूक तेवढीच पंधरा राहिली तरी विश्वसनीयता ०.६९ वर येते. चाचणी बिघडलेली नाही, माणसे एकसारखी आहेत, आणि अशा एकसारख्या गटांत दोन मध्यमानांमधली फट उलट अधिक स्पष्ट दिसते. म्हणून विट्याच्या त्या मुलीच्या ०.६० चा दोष मी एकट्या चौदाव्या विधानाला देत नाही. विश्वसनीयता हा चाचणीचा गुण नसून विशिष्ट माणसांकडून मिळालेल्या गुणांचा गुण आहे, हे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटाने १९९९ मध्ये स्वच्छ शब्दांत लिहिले होते. पुस्तिकेतला आकडा उतरवून घेणे म्हणजे शेजारच्या गावच्या काट्याचे प्रमाणपत्र आपल्या काट्यावर चिकटवणे आहे.

याची दुसरी बाजू आपल्याच प्रयोगशाळेत दरवर्षी दिसते. स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग प्रात्यक्षिकाच्या वहीत असतोच: निळ्या शाईत ‘लाल’ लिहिलेले कार्ड समोर येते, शाईचा रंग सांगायचा असतो, आणि जीभ अडखळते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकात तो दिसतो. नेमके तेच त्याचे वैशिष्ट्य आणि तीच अडचण. सर्वांत सारखाच दिसतो म्हणजे माणसामाणसांत तो फारसा बदलत नाही, आणि बदलत नाही म्हणून कोण जास्त अडखळते, कोण कमी, हे ठरवायला तो कच्चा पडतो. क्रेग हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा सात प्रस्थापित कृतींची विश्वसनीयता काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजून तपासली, ती ०.८२ पासून थेट शून्यापर्यंत पसरलेली निघाली, आणि बहुतेक कृतींची अपेक्षेपेक्षा कमी. ‘स्ट्रूप ही जगन्मान्य चाचणी आहे’ असे म्हणून तिचे गुण एखाद्या व्यक्तिमत्त्व मापनीशी जोडू पाहणारे आराखडे माझ्यापर्यंत आले आहेत. त्यात आणखी एक खाच आहे: स्ट्रूपचा गुण म्हणजे दोन वेळांतली वजाबाकी. दोन्ही वेळांची विश्वसनीयता ०.८० असली आणि त्यांच्यातला सहसंबंध ०.७० असला, तर वजाबाकीची विश्वसनीयता उरते ०.३३. दोन चांगल्या काट्यांची वजने एकमेकांतून वजा केली तरी जे उरते ते बहुतांशी थरथरच असू शकते.

थरथरीखेरीज लबाडीचाही एक प्रकार येथे विसरून चालणार नाही, कारण तो गटांच्या तुलनेला सर्वांत घातक आहे: काटा एकाच गटाच्या ट्रॉल्या कमी तोलत असेल तर? शहरी मुलांना विधान समजते आणि ग्रामीण मुलांना समजत नाही, किंवा कबुली देणे एका गटात लाजिरवाणे मानले जाते आणि दुसऱ्या गटात नाही, तर जो फरक निघेल तो चिंतेचा नसून वाक्याचा असेल. अल्फा (विधानांच्या परस्पर मेळावरून काढलेली विश्वसनीयता) ०.९० असला तरी त्याला याचा पत्ता लागत नाही. निदान दोन्ही गटांची विश्वसनीयता वेगवेगळी काढली तर एक खूण मिळते. दोन्ही गठ्ठे मिसळून काढलेल्या अल्फात तीही बुडते.

आता प्रत्यक्ष मागणे. आराखड्याच्या छापील नमुन्यात ‘साधनाची विश्वसनीयता’ असा जो रकाना आहे, त्याखाली ‘या अभ्यासातील नमुन्यावर, गटनिहाय’ एवढे शब्द वाढवावेत. टी-मूल्याच्या तक्त्यात डी आणि त्याचा ९५ टक्के विश्वासमध्यंतर, म्हणजे खरा डी ज्या दोन टोकांदरम्यान असण्याची शक्यता धरता येते तो पट्टा, मागावा. तीस-तीसच्या तुलनेत डी ०.३९ आला तर हा मध्यंतर साधारण उणे ०.१२ पासून ०.९० पर्यंत पसरतो. एवढा मोठा विस्तार डोळ्यांसमोर छापलेला असला की ‘शून्य परिकल्पना स्वीकारण्यात येत आहे, म्हणजेच दोन गटांत फरक नाही’ हे वाक्य लिहिताना हात आपोआप थांबेल. कोणाला स्पिअरमनचा नियम उलटा लावून दुरुस्त डी सांगायचा असेल तर जरूर सांगावा, पण मग मध्यंतराची दोन्ही टोकेही त्याच वर्गमुळाने भागावीत. तसे केले की तो उणे ०.१५ ते १.१६ होतो. दुरुस्ती केल्याने फरकाचा आकार वाढतो, खात्री वाढत नाही. नुसता वाढलेला आकडा लिहिणे ही पुन्हा काटामारीच. आणि ‘०.०१ पातळीवर सार्थक’ म्हणजे ‘०.०५ पातळीवर सार्थक असलेल्यापेक्षा मोठा फरक’ हा समज तर कृपया पहिल्याच वर्षी मोडून काढावा.

माणसे कोठून आणायची, हा प्रश्न मला कळतो. ऑटोभाड्याचे पैसे नसलेल्या मुलीला ‘दोनशे बारा उत्तरपत्रिका आण’ म्हणणे सोपे नाही. पण येथे मापनच मदतीला येते. चाचणीची लांबी तशाच दर्जाच्या विधानांनी दुप्पट केली तर स्पिअरमन-ब्राऊनच्याच सूत्राने ०.६० ची विश्वसनीयता ०.७५ होते, आणि लागणारी माणसे गटामागे १०६ वरून सुमारे ८५ वर येतात. विधाने नीट घासून घेणे, दहा-बारा जणींना आधी वाचायला देऊन ‘म्हणजे?’ कोठे उमटते ते पाहणे, याला एक दुपार पुरते. शिवाय सांगली, मिरज, तासगाव, कराड आणि सातारा येथील विद्यार्थ्यांनी पाच वेगवेगळ्या मापन्यांवर पाच तीस-तीस करण्यापेक्षा एकाच वर्षी एकाच मापनीवर मिळून काम केले, प्रत्येकाने आपापल्या गावचा नमुना घेतला आणि आपापला प्रबंध लिहिला, तर नियमांत कोठे बाधा येते असे मला वाटत नाही. पाचजणांचे मिळून गटामागे दीडशे होतात. आड येते ती ‘विषय नवीन हवा’ ही आपली अट. मापनी जुनी आणि हिशेब पक्का, यापेक्षा मापनी नवी आणि हिशेब कच्चा हे आपल्याला अधिक आवडते, याचा एकदा विचार व्हावा.

विट्याच्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. तिचा टी सार्थक आला नाही. तिने प्रामाणिकपणे ०.६० लिहिले, डी लिहिला, मध्यंतर लिहिला, आणि ‘एवढ्या नमुन्यावर आणि या मापनीवर फरक आहे की नाही हे सांगता येत नाही’ असे वाक्य लिहून मार्गदर्शकांकडे नेले. तिला सांगण्यात आले की असा निष्कर्ष चालत नाही. आणखी दहा-दहा पत्रिका भरून घे, टी येतो का बघ, नाही आला तर आणखी दहा. सार्थक येईपर्यंत माणसे वाढवत राहिले तर पाच टक्के पातळी पाच टक्के उरत नाही, प्रत्येक डोकावण्यासरशी खोट्या सार्थकतेची शक्यता चढत जाते, हे मी तिला समजावले. पण सही माझी नको होती, मार्गदर्शकांची हवी होती. तिने वीस पत्रिका भरून आणल्या. टी आला. प्रबंधाच्या अंतिम प्रतीत विश्वसनीयतेपुढे पुन्हा ०.८५ छापले आहे, आणि तो जुना, पेन्सिलीने ‘म्हणजे?’ लिहिलेला कागद माझ्या वहीत राहून गेला आहे. पुढच्या तुकडीचे आराखडे मंजूर करायला आपण बसाल तेव्हा तो मला आणून दाखवता येईल.

आपला नम्र,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
विश्रामबाग, सांगली